गफ्फार मिस्त्रीचा कान

उमरखेडात कोणाच्याही गाडीला खोकला झाला, की गफ्फार मिस्त्री नुसतं ऐकून तिचं दुखणं सांगायचा. हात लावायच्या आधी! आता मात्र त्याचे कानच दगा देऊ लागले होते. हे त्याच्या बायकोला, गुलनारला कळलं तर मेल्याहून मेल्यासारखं होईल, असं त्याला वाटे. बहिऱ्या मिस्त्रीला कोण विचारतो?

तिनं हट्ट धरला म्हणून दोघं फिरायला निघाले होते. चाळीस वर्षांची मेटाडोर, तिचं घर त्यानंच केलेलं. आत फळ्यांची खाट, स्टोव्ह, खिडक्यांना गुलनारच्या जुन्या ओढण्यांचे पडदे. पुसदकडच्या घाटात धुकं असं उतरलं होतं, की पुढं रस्ता आहे की नाही तेच कळेना. सागाला पांढरे तुरे आलेले. एक डोंगर सरे, दुसरा हळूच पुढं येई. पडदे फडफडत, पण आवाज सगळे दूर कुठंतरी विरलेले. आपण झोपेतच तरंगतोय, असं गफ्फारला वाटलं. हे असंच चालत राहिलं तर किती बरं!

"लोण्यावानी चालून राह्यली गाडी," तो म्हणाला.

गुलनारनं कपाळावर हात मारला. "कायचं लोणी! थांबवा अजी, केव्हाची टकटक करून राह्यली!"

इंजिन चालू ठेवून त्यानं गाडी कडेला घेतली, दोन सीटांमधलं झाकण उघडलं. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावली. सगळे मिस्त्री असंच ऐकतात. काहीच ऐकू येईना.

गुलनारनं त्याचा हात धरून मूठ कानामागच्या हाडावर सरकवली. "तुमचे उस्ताद म्हातारपणी इथंच लावत. मी पाह्यलं हाय."

टक, टक, टक. आवाज हाडातून थेट डोक्यात उतरला.

"टॅपेट ढिला हाय!" तो आनंदानं ओरडला, अन् लगेच ओशाळला. "तुले... कधीपासून माहीत हाय?"

"दोन वर्षं झाली. तवापासून घसा फाडून राह्यली मी. तुम्हाले काय वाटलं?"

त्याला वाटलं होतं, बायको म्हातारपणी तापट झाली. दोन वर्षं तो रोज ताटावर मान खाली घालून बसायचा, आणि ती बिचारी नुसतं विचारत होती, भाजी वाढू का.