निरोपाचा केक

"हात लावू नकोस त्याला," मी म्हणाले. "चार वाजायचेत अजून."

इमोजीन केकवरचा बर्फ नखाने खरवडत होती, ती थांबली. फ्रीजरमधून काढलेला तो केक चहाच्या खोलीतल्या टेबलावर घाम गाळत बसला होता. त्यावर साखरेच्या अक्षरांत लिहिलेलं, 'येतो आम्ही'.

अमेरिकेत जॉर्जियातल्या ह्या लष्करी छावणीच्या इस्पितळात डॉक्टर तेवढे वर्दीतले, बाकी आम्ही सगळे कंत्राटी. मी नोंदणीच्या खिडकीत, इमोजीन जखमांच्या ड्रेसिंगला. मोठं कंत्राट कधीचं कोर्टकज्ज्यात अडकलंय, म्हणून सरकार आमच्याच कंपनीला तीन-तीन महिन्यांचे तुकडे टाकतं. ना बोली, ना चढाओढ. दर वेळी कारण एकच लिहितात, हे काम करणारं दुसरं कोणी नाही. आणि दर वेळी शेवटच्या दिवसापर्यंत आम्हाला टांगून ठेवतात. पहिल्या खेपेला इमोजीनने निरोपाचा म्हणून कॅरमेल केक करून आणला. चारच्या ठोक्याला मुदतवाढ आली आणि केक न कापताच फ्रीजरमध्ये गेला. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी तोच केक बाहेर येतो आणि तसाच आत जातो. लॅबमधल्या एका नव्या पोरीने कडेची साखर चाटली, तर आम्ही सगळे तिच्या अंगावर धावून गेलो होतो. इथे देव न मानणारे दोनचार सापडतील, केक न मानणारा कोणी नाही.

"रॉस्कोची बॅग भरली?" मी विचारलं.

"कालच भरून दाराशी ठेवलीय. दाढी तर सकाळपासून दोनदा केलीन. म्हटलं, अरे, छाती उघडणार आहेत, मुका नाही घ्यायचाय कोणाला."

रॉस्को तिचा नवरा. जन्मभर लोकांची छपरं शाकारली, आणि आता स्वतःच्या ओट्याच्या पायऱ्या एका दमात चढवत नाहीत. त्याच्या हृदयाची झडप बदलायची होती, गावातल्या इस्पितळात, उद्या सकाळी. ह्याआधी दोनदा तारीख पडली आणि गेली. विमा कंपनीचा, कंपनी कंत्राटाच्या जिवावर, आणि कंत्राट संपत आलंय म्हटलं की इस्पितळवाले फाइल बाजूला सरकवतात.

"तारीख तरी तीन महिन्यांच्या मधली घ्यायचीस," मी म्हणाले.

"नव्हतीच, बाई. ही सोडली तर थेट उन्हाळा. तोवर काय त्याला लोणच्यात घालून ठेवू? आणि आपलं चार वाजताचं चुकलंय का कधी?"

चुकलं नव्हतं, हे खरं.

तीनच्या सुमाराला मी केसपेपर द्यायला ड्रेसिंगच्या खोलीत गेले, तेवढ्यात इस्पितळाचे प्रमुख कर्नल स्वतः तिथे आले. समोर टेबलावर एक विशीतला शिपाई पाय पसरून पडला होता, पोटरीला एवढं मोठं भगदाड. इमोजीन त्यात औषधाची पट्टी भरत होती आणि तो छताकडे बघत शिव्या गिळत होता.

"ह्या बाई नसत्या तर हा पाय केव्हाच गेला असता," कर्नल मला म्हणाले. "मी लिहूनच दिलंय वरती. दुसरं कोणी चालणार नाही म्हणून."

इमोजीन लाजली. साठीला आलेली बाई, पण कौतुकाने कानापर्यंत लाल झाली.

"मिस इमोजीन, उद्या तुम्ही नाही ना?" शिपायाने विचारलं. इकडे लग्न झालेल्या बाईलाही मान देऊन मिसच म्हणतात.

"उद्या माझं घरचं काम आहे, राजा. सोमवारी बघते तुझ्याकडे."

चार वाजले. काही आलं नाही. सगळी जणं चहाच्या खोलीत, कोणी बसेना. तेवढ्यात रॉस्कोचा फोन आला.

"अगं, रात्रीपासून पोट रिकामं ठेवायचं ना? मग आत्ता जेवू की नको?"

"थांब जरा," ती म्हणाली. "सांगते."

मग ग्रेडी आला. आमच्या कंपनीचा इथला साहेब, आमच्या पोरांच्या वयाचा, दात पांढरेशुभ्र. आला तोच टाळ्या वाजवत.

"मिळाली मुदतवाढ. सोमवारपासून पुढचे तीन महिने."

लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मीही मारली, खोटं कशाला सांगू. इमोजीन तेवढी जागची हलली नाही.

"सोमवारपासून?" ती म्हणाली. "आणि उद्या?"

"उद्याचा शुक्रवार सुट्टी समजा. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, मिस इमोजीन. ओळखपत्रं मात्र ह्या डब्यात टाका सगळ्यांनी. उद्या कोणी आत आलं तर फुकट काम केल्यासारखं होतं, ते कायद्यात बसत नाही."

"आणि विमा?"

"तो कंत्राटाबरोबर आज रात्री संपतो. नवा थेट महिन्याभराने, पुढच्या एक तारखेला लागेल. मधला स्वतःच्या खर्चाने चालू ठेवता येतो, पण कागद यायला दोन आठवडे जातात." मग त्याला आठवलं असावं. "अरे हो, तुमच्या मिस्टरांचं काहीतरी होतं ना?"

"आजवर एक दिवसही खंड पडला नव्हता, ग्रेडी."

"आजवर आम्ही भाव वाढवून मागितला नव्हता." तो जवळ आला, लाडात येऊन बोलला. "ह्या वेळी आम्ही ताणून धरलं. त्यांना दुसरं कोणी नाहीच. कर्नलने लिहून दिलंय, ड्रेसिंगची ही बाई नसेल तर पोरांचे पाय जातील. तेवढं एक वाक्य धरून बसलो आम्ही. शेवटी वाकले. सही सोमवारची मिळाली, पण वाढीव भावाने. खरं तर तुम्हाला अभिमान वाटायला हवा."

खोलीत कोणी कोणाकडे बघेना. माझ्या तोंडाशी आलेलं मी इथे लिहीत नाही. बोलले मात्र काही नाही, कारण सोमवार मलाही हवा होता. लॅबवाली पोर रिवाजाप्रमाणे केक उचलून फ्रीजरकडे निघाली.

"ठेव तो खाली," इमोजीन म्हणाली.

तिने खणातली सुरी काढली. केक आतून अजून दगड होता. तिने सुरीवर दोन्ही हात ठेवून सगळं वजन टाकलं, तेव्हा कुठे तो तुटला. दोन तुकडे काढले. एवढ्यात फोन पुन्हा वाजला.

"काय गं, आता तरी सांग," रॉस्कोचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "जेवू का?"

"जेव," ती म्हणाली. "पोटभर जेव. मी केक घेऊन येते."

मग तो म्हणाला, "बरं."

तिने खिशातून जाळीच्या पट्टीचं कापड काढलं आणि तुकडे त्यात गुंडाळायला घेतले.

"मिस इमोजीन," ग्रेडी हळूच म्हणाला, "ते सामान सरकारी आहे."

इमोजीनने कापड सोडवलं, त्याच्या घडीवर घडी घातली आणि टेबलावर ठेवलं. गळ्यातलं ओळखपत्र काढून डब्यात टाकलं. मग दोन्ही तुकडे एका उघड्या तळहातावर घेऊन ती निघाली. गाडीपर्यंत पोचेस्तोवर साखर वितळून तिच्या मनगटावरून ओघळत होती, आणि पुसायला तिचा दुसरा हात मोकळा होता, तरी तिने पुसली नाही.