अमादो कुणाच्या घरचा

"पहिल्याला भिंत, दुसऱ्याला ऊब,
तिसऱ्याला कोल्हा, तोवर बस चूप."

कागदी दाराच्या पलीकडून ताईचा हा आवाज यायचा. मी दहा वर्षांचा, ती सोळाची. अलीकडे मी पोटावर पडलेलो, हातात खेळाचं यंत्र. पलीकडे ती, तिच्या हातात तिचं. मधे बोटभर जाडीचं दार, आणि ते दार दोन वर्षांत सरकलं नव्हतं.

आम्ही जोडीनं लढायचो. एक प्राणी तिचा, एक माझा, समोर कुणीतरी अनोळखी दोघं. मला घाई असायची. लढत सुरू झाली की माझ्या कोल्ह्याला मी लगेच अंगावर सोडायचो, आणि कोल्हा दुसऱ्याच फटक्याला लोळायचा. पलीकडून हसणं नाही, रागावणं नाही. फक्त ती ओळ पुन्हा, पाळणा हलवल्यासारखी.

"पण ताई, तोवर तुझा अमादो मार खातो ना."

"त्याचं कामच ते. तू त्याच्याकडे बघू नको. तू डाव मोज."

अमादो म्हणजे वादळात खिडकीबाहेरून ओढून घेतात ती लाकडी झडप. ताईनं ते नाव एका कासवाला दिलं होतं. पाठीवर शेवाळ, डोळे अर्धे मिटलेले, चालणं असं की बघणाऱ्याला झोप यावी. त्याला एकही फटका मारता येत नसे. तो भिंत उभी करायचा, मग समोरच्यांचे वार निम्मे व्हायचे. जोडीदाराला ऊब द्यायचा, मग त्याच्या जखमा भरायच्या. आणि फारच गळ्याशी आलं तर 'इकडे बघ' ही चाल खेळायचा. ती खेळली की समोरचे दोघंही जोडीदाराला सोडून त्याच्याच पाठीवर तुटून पडायचे.

असं कासव सहज हाती लागत नाही. अंडं घेऊन खेळातल्या माळावर फेऱ्या माराव्या लागतात, तेव्हा ते फुटतं, आणि हवे ते गुण घेऊन येणारं पिल्लू शेकड्यात एखादं. आमची ओरिएताई चौदाव्या वर्षी शाळेतून आली ती खोलीत गेली आणि बाहेर आलीच नाही. का, ते आम्हाला तिनं सांगितलं नाही, आम्हीही धड विचारलं नाही. आई जेवणाचं ताट दाराशी ठेवायची, थोड्या वेळानं रिकामं उचलायची. जिनं अंगणात पाऊल टाकलं नव्हतं, ती त्या माळावर अंडं कुशीत घेऊन हजारो फेऱ्या मारायची. तीनशे बाराव्या अंड्यातून अमादो निघाला. आकडा तिनंच सांगितला होता, दारातून, अगदी हळू, जणू दुसऱ्या कुणाला जाग येईल.

साबाए हे चष्म्यांचं गाव, आणि गल्ली लहान. "ओरिए कुठं असते हल्ली?" असं कुणी विचारलं की आई म्हणायची, "ओसाकाला. नोकरी लागलीय." बाबाही तेच म्हणायचे. कुणी शिकवलं नाही, पण मीही तेच म्हणू लागलो. ओसाकाला म्हणायचो तेव्हा ती माझ्यापासून चार हातांवर असायची.

मी वीस वर्षांचा झालो. नागोयाच्या मोठ्या स्पर्धेत माझा नंबर लागला. तिथं एकट्यानंच दोन्ही प्राणी चालवायचे असतात. जायच्या आदल्या दिवशी माझ्या यंत्रावर एक प्राणी येऊन पडला. अमादो.

"ताई, हा चुकून आला."

"चुकून नाही. घेऊन जा. तुझ्याबरोबर चार गावं तरी बघेल."

मी जिंकलो. तिसऱ्या डावापर्यंत बसून राहायचा धीर तिथं कुणातच नव्हता, आणि मला तो लहानपणापासून दारातून पाजलेला होता. शेवटच्या लढतीनंतर मला मंचावर बोलावलं. सगळं घरोघरी पडद्यावर दिसत होतं. सूत्रसंचालिका म्हणाली, "आज सगळ्यांना तुमच्या कासवाबद्दल विचारायचंय. पालक म्हणून इथं 'ओरिए' असं नाव दिसतंय. या कोण?"

या खेळात असं आहे. ज्यानं अंड्यातून काढलं त्याचं नाव प्राण्याला जन्मभर चिकटतं. तो कितीही हातांतून फिरो, पालक तोच.

मला गल्ली दिसली. शेजारचे मोरिताकाका पडद्यासमोर बसलेले दिसले, आणि ते म्हणत होते, ओरिए तर ओसाकाला ना? एवढाच वेळ लागला. मी हसलो आणि म्हणालो, "मीच तो. लहानपणी मुलीचं नाव घेऊन खेळायचो."

सभागृह हसलं. "म्हणजे ही युक्तीही तुमचीच?"

"हो," मी म्हणालो. "माझीच."

घरी पोचलो तेव्हा सगळे जेवून बसले होते. दारापलीकडून आवाज आला, "छान खेळलास, ताकू." एवढंच. सकाळी माझ्या दाराशी कागदाच्या चपट्या खोक्यात थंडीतलं मऊ योकान, घेवड्याची गोड वडी, ठेवलेलं होतं. दरवर्षी आम्ही ते वाटून खायचो. बरोबर मधोमध कापून, तिनं तिचा अर्धा घेतला होता आणि माझा अर्धा ठेवला होता. रेघ सुतासारखी सरळ. त्या रेघेकडे बघवेना. खोकं मी तसंच शीतपेटीत मागे सारलं, आणि आठवड्यानं फेकून दिलं.

आणखी एक सांगतो, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्याच आठवड्यात मी खेळातल्या नावं बदलून देणाऱ्या म्हाताऱ्याकडे अमादोला घेऊन गेलो. पालकाचं नाव पुसता येत नाही हे ठाऊक होतं, निदान हाक मारायचं तरी बदलावं म्हटलं. म्हातारा वाकून म्हणाला, "वा, छान नाव आहे. पण हे ज्यानं ठेवलं, त्यालाच बदलता येईल."

त्यानंतर ती ओळ दारातून कधी आली नाही. जोडीनं खेळायला मीही बोलावलं नाही.

दोन वर्षांपूर्वी ताई बाहेर आली. आधी टपालपेटीपर्यंत, मग पुलापर्यंत, मग गावाबाहेरच्या एका छोट्या कारखान्यात रोज तीन तास, चष्म्यांना नाकाजवळची इवलीशी बोंडं बसवायला. आता ती तेहतीस वर्षांची आहे. रस्त्यानं चालताना भिंतीच्या कडेनं चालते. आई अजून म्हणते, "ओसाकाहून परत आलीय."

गेल्या रविवारी सकाळी मी बूट घालत होतो. हिशिदाकाकांच्या वह्या-पेन्सिलींच्या दुकानात, वरच्या मजल्यावर, महिन्यातून एकदा आमच्या लढती असतात. ताई मागे येऊन उभी राहिली. गळ्याभोवती मफलर गुंडाळलेला.

"मी येऊ का बघायला?"

"कशाला? कंटाळशील."

"अमादोला बघायचंय. बरेच दिवस झाले."

माझ्या हातातली बुटाची नाडी तशीच राहिली. नको म्हणायला कारण सापडेना. तिथं मला गेली सात वर्षं काय हाक मारतात हे तिला ठाऊक नव्हतं.

वाटेत बर्फ बाजूला सारून एकाच माणसापुरती वाट केलेली. मी पुढे, ती मागे. तिच्या पावलांचा आवाज येत होता आणि मी डाव मोजावेत तशी पावलं मोजत होतो. सांगावं आत्ताच, पुलाच्या आत. सांगावं पुलावर. पूल गेला. सांगावं दुकान यायच्या आधी. दुकानही आलं.

जिना चढून वर पोचलो. मधे स्टोव्ह, चार टेबलं, पंधरा-वीस माणसं. नेहमीचा निवा खुर्चीवर उलटा बसलेला. भिंग घासणारा माणूस, जीभही तशीच घासलेली. मला बघून तो ओरडला, "अहो, ओरिएबाई आल्या. खुर्ची द्या बाईंना."

माझ्यामागून ताई म्हणाली, "हो?"

नकळत म्हणाली. नाव घेतलं म्हणून ओ दिली, कुणीही देईल तशी. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. निवानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"तुम्ही कशाला ओ देताय? ओरिएबाई ह्या, ह्या ताकुमाबाई. लहानपणचं नाव त्यांचं. तुम्हाला सांगितलं नाही का त्यांनी?"

दोन-तीन जण हसले. ताईच्या चेहऱ्यावर मी बघितलं नाही. तिच्या मफलरच्या टोकाकडे बघत होतो. टोकावर बर्फ होता, तो वितळायला लागला होता. तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. आणि माझ्या आधी तीच बोलली, त्या खोलीत, जिथं दुकानवाल्या काकांशिवाय तिच्या ओळखीचं कुणी नव्हतं.

"मला वाटलं दुसरंच काही म्हणालात. मी ह्यांच्या शेजारची. कानानं जरा कमी ऐकू येतं. हसा खुशाल."

आणि ते सगळे तिलाच हसले. निवा म्हणाला, "शेजारीणबाई, कान साफ करून घ्या, चष्मा आम्ही देतो." तीही हसली. त्या सगळ्या हसण्यात माझ्याकडे कुणाचंच लक्ष राहिलं नाही. ती चाल मला ओळखू आली, अमादोची.

हिशिदाकाका मात्र हसले नव्हते. त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढून ताईकडे पाहिलं. लहानपणी ती त्यांच्याकडून पेन्सिली न्यायची, दर वेळी हिरव्याच. त्यांनी एक खुर्ची उचलून स्टोव्हजवळ ठेवली आणि म्हणाले, "इथं बस, पोरी. तिकडं वारा लागतो."

माझी लढत निवाशीच निघाली.

काकांच्या दुकानात एक रीत आहे, बाकी कुठं नाही. पूर्वी कधीतरी उसन्या प्राण्यांवरून भांडणं झाली, तेव्हापासूनची. लढतीआधी दोघांनी समोरासमोर उभं राहून आपली यादी मोठ्यानं वाचायची. प्राणी, त्याचं हाक मारायचं नाव, आणि पालक. काका म्हणतात, "कोण कुणाच्या घरचा ते चारचौघांत कळू दे, मग भांडा हवं तेवढं." मी सात वर्षं वाचत आलो होतो. तो शब्द आला की निवा डोळा मारायचा, आणि मी पुढे जायचो.

निवानं त्याची यादी भराभर वाचली. सगळे त्याच्याच घरचे. "वाचा, बाई," तो म्हणाला. "आणि तो तुमचा दगड आणलाय ना? एक फटका मारता येत नाही आणि पाऊण तास बसवून ठेवतो."

"कोल्हा," मी वाचलं. "नाव होमुरा. पालक ताकुमा."

स्टोव्हवरची किटली वाजत होती. ताई दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसली होती. आमच्याकडे बघत नव्हती. मला अडचण होऊ नये म्हणून ती मुद्दाम किटलीकडे बघत होती, हे मला स्पष्ट कळत होतं. अजूनही मी नेहमीसारखं वाचून गेलो असतो तरी तिनं मान वर केली नसती. परत जाताना बर्फातून माझ्यामागे चालली असती आणि म्हणाली असती, छान खेळलास, ताकू. आणि संध्याकाळी योकान कापलं असतं.

"कासव. नाव अमादो," मी वाचलं, आणि कागदावरची अक्षरं दिसेनाशी झाली.

"पुढचं," काका म्हणाले.

"ते माहितीय सगळ्यांना," निवा म्हणाला. "चला, सुरू करू."

"पुढचं वाच," काका पुन्हा म्हणाले. आवाज चढवला नाही, पण बाजूच्या टेबलांवरचे लोकही थांबले.

"पालक," मी म्हणालो. "पालक, ओरिए."

निवानं डोळा मारला.

"ओरिए मी नाही," मी म्हणालो. "ओरिए कुवाबारा. माझी सख्खी ताई. ती तिथं बसलीय, स्टोव्हजवळ. ती शेजारीण नाही आणि तिला नीट ऐकू येतं. हे कासव तिनं तीनशे बारा अंड्यांतून काढलं. तीन डाव बसून राहायची युक्तीही तिचीच, माझी एकही नाही. ती ओसाकाला कधीच गेली नव्हती. सतरा वर्षं घरातच होती, माझ्या शेजारच्या खोलीत. मी तिचं नाव माझं म्हणून सांगितलं, कारण मला तिची लाज वाटायची."