दूध तोडलं तेव्हा

तृप्तीने छातीला लावायचा कडुलिंबाचा पाला स्वतःच वाटला. सासूने पाट्याला हात लावायला साफ नकार दिला होता. "दूध तुझं, लेकरू तुझं, जायाची हौसही तुझीच. मंग वाट तूच," असं म्हणून पार्वताबाई अंगणात तांदूळ निवडायला बसल्या. सूप पुढ्यात होतं, पण त्यातला एक खडा काही त्यांनी उचलला नाही.

सव्वा वर्षाचा संघपाल रोजच्यासारखा धावत आला, पदर ओढून बिलगला आणि एकदम मागे सरला. लगेच रडला नाही. आधी त्याने आईच्या तोंडाकडे पाहिलं. हे काय झालं, हे तिलाच विचारायचं असतं ना त्याला, दुसऱ्या कोणाला विचारणार? तृप्तीने नजर चुकवली. "कडू झालं रे राजा. आपोआप कडू झालं."

मग मात्र त्याने घर डोक्यावर घेतलं.

तृप्ती लाखनीत हायवेलगतच्या एका दवाखान्यात सिस्टर होती. ट्रकच्या धडकेत फुटलेली डोकी यायची, तेव्हा डॉक्टर आधी तिलाच हाक मारायचे, इतका तिचा हात हलका. रिता तिची नर्सिंगच्या होस्टेलपासूनची मैत्रीण, एका डब्यात जेवलेली. रिताचा नवरा अमर दातांचा डॉक्टर. त्यांच्या चर्चचं वैद्यकीय पथक दरवर्षी आफ्रिकेत, मलावीला जायचं. यंदा रिताचा फोन आला.

"चाल माह्यासंग. तिथं बायकांची रांग संपत नाही अन् नर्सा बोटावर मोजाच्या. तुझ्यासारखा हात पाहिजे."

"आम्ही बौद्ध लोक, चालन काय तुमच्या चर्चले?"

"जखम काय धर्म विचारते व?"

हे वाक्य तृप्तीला इतकं आवडलं की तिने ते नवऱ्याला ऐकवलं, सासूला ऐकवलं, शेजारच्या रंभाबाईंनाही ऐकवलं. नवरा अनुप म्हणाला, जा, मी आहो ना. अडत होतं ते फक्त अंगावरचं दूध. संघूला सोबत आणू का, असंही तिने रिताला विचारून पाहिलं.

"पागल झाली काय? सेवेले जाऊन राहिलो आपण. लेकरू गळ्यात बांधून ड्रेसिंग करशीन? दूध तोड न मोकळी हो."

मोकळी होऊन तृप्ती नागपूरच्या विमानतळावर पोचली, तर रिताच्या कडेवर दहा महिन्यांचा योएल. "आईची तब्येत बिघडली गं ऐन वेळी," रिता म्हणाली. "कोणापाशी ठेवू?" तृप्तीने मान डोलावली. आईची तब्येत कोणाच्या हातात असते?

मलावीतलं गाव सरोवराच्या काठी होतं. पाणी इतकं की पलीकडचा काठ दिसेना, तेव्हा तलावांच्या जिल्ह्यातली तृप्ती मनातल्या मनात हरली. चर्चच्या पडवीत कॅम्प मांडला होता. बायका पाठीला लेकरं बांधून पहाटेपासून बसलेल्या. तृप्तीने इस्त्रीचा पांढरा कोट चढवला, तेवढ्यात रिता आली. "जरा धर ना याले. मी रांग लावून येते."

ते 'जरा' संपलंच नाही. रांग लागली, संपली, दुसऱ्या दिवशी पुन्हा लागली. रिता टेबलाशी बसून ब्लडप्रेशर पाहत होती, जखमा धूत होती आणि तृप्ती मागच्या खोलीत योएलची दुधाची बाटली उकळत होती. तरी तिला वाटत होतं, उद्या आपली पाळी येईल.

रविवारी प्रार्थनेनंतर तिथल्या पास्टरने पाहुण्यांना एकेक करून पुढे बोलावलं. डॉक्टर अमर. सिस्टर रिता. मग तृप्तीकडे हात करून ते इंग्रजीत म्हणाले, "आणि या बहिणीचे विशेष आभार. रिताला सेवा करता यावी म्हणून त्या बाळ सांभाळायला इतक्या दुरून आल्या आहेत."

पाठीला लेकरं बांधलेल्या बायकांनी सगळ्यात मोठा आनंदाचा आवाज काढला तो तिच्यासाठी. त्यांना त्यात काही उणं दिसलं नसावं. तृप्तीने हात जोडले. तिचे कान मात्र तापून लाल झाले होते.

दुपारी रिता गोळ्यांच्या पट्ट्या कापत बसली होती. तृप्ती समोर उभी राहिली.

"मी आया आहो म्हणून कोणं सांगतलं त्यायले?"

"आया कोण म्हणलं? काहीही बोलून राहिली तू."

"आईची तब्येत बिघडलीच नव्हती ना?"

कात्री थांबली. "घरीच सांगतलं असतं तं आली असतीस?"

"नसती आली."

"मंग?" रिताची कात्री पुन्हा चालू लागली. "अन् हेपण सेवाच होय ना गं. त्यात लहान-मोठं काय?"

"तूनंच म्हणलं, दूध तोड." तृप्तीचा आवाज फाटला. "तुझं लेकरू माह्या कडेवर. माहं कोणाच्या आहे, सांग ना!"

रिता पट्ट्या कापत राहिली. होस्टेलमध्ये तृप्तीच्या तापात रात्ररात्र पाण्याच्या घड्या ठेवणारे तेच ते हात.

दुसऱ्या दिवशी योएलने बाटली भिरकावली. रडून रडून लाल झाला आणि तृप्तीच्या छातीत तोंड खुपसू लागला. तिला कळायच्या आतच पान्हा फुटला. आटलं असं वाटलेलं दूध कुर्त्यावर पसरलं. संघूला कडू केलेलं दूध इथे, या परक्या गावात, दुसऱ्याच्या रडण्याला वाहत होतं. पोराचा काय दोष? पण तिला ते सोसवेना. तिने ओढणी पुढे घेतली, योएलला उचललं आणि रांगेतून वाट काढत थेट रिताच्या मांडीवर नेऊन ठेवलं.

"भूक लागली त्याले. पाज."

रिता सगळ्यांसमोर काय बोलणार? ती उठली. तृप्ती तिच्या खुर्चीवर बसली. समोरच्या बाईचा भाजलेला हात तिने हातात घेतला, जखमेला चिकटलेलं फडकं भिजवून भिजवून सोडवलं. बाई हुं की चूं करेना. त्या दुपारी तृप्ती नर्स होती.

संध्याकाळी अमर गोड शब्दांत म्हणाला की टीममध्ये शिस्त लागते. दुसऱ्या सकाळी योएल पुन्हा तिच्या खाटेवर होता. तिने त्याला सांभाळलं, न्हाऊमाखू घातलं. रिताशी मात्र ती त्यानंतर कामापुरतंच बोलली आणि परतताना नागपूरला उतरल्यावर तेवढंही नाही.

घरी पोचली तेव्हा पार्वताबाई ओट्यावर नातवाला वरणभात भरवत होत्या. संघूने आईकडे पाहिलं आणि आजीच्या लुगड्यात तोंड लपवलं.

"काय झालं व? अशी काहून दिसून राहिली?" पार्वताबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई. लेकरू सांभाळलं तिथं."

सासूने तिच्याकडे नीट पाहिलं आणि पुढचा घास कालवला.

थोड्या वेळाने संघू चोरपावलांनी आला. जवळ येऊन त्याने तिच्या छातीशी नाक नेलं, वास घेतला आणि मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहिलं. तसंच, त्या दिवशीसारखं.

या वेळी तिने नजर हलवली नाही. "आपोआप नव्हतं रे झालं," ती हळूच म्हणाली. "म्याच कडू लावलं होतं. तुले न सांगता."

त्याला त्यातलं काय कळणार? तो भाताच्या घासासाठी आजीकडे परत गेला.

तृप्तीने त्याला ओढायला हात पुढे केला होता. पार्वताबाईंनी मानेनेच नको म्हटलं.

"बस अशीच," त्या म्हणाल्या. "येईन तो."

तृप्ती ओट्याच्या कडेला बसून राहिली.