दोन मिनिटांचा सूर्य

सरकारने एका रात्रीत अख्खा शुक्रवार गिळला. व्यापार सोपा व्हावा म्हणून तारखेची रेषा सरकवली आणि सामोआतली माणसं गुरुवारी झोपली ती शनिवारी उठली. सवाई बेटाच्या पश्चिम टोकावर भूगोल शिकवणाऱ्या फुआतिनोला यात गंमत वाटली. तिच्या दोन भावांना नाही. सातव्या दिवशी, म्हणजे आदल्या सूर्यास्तापासून त्या दिवशीच्या सूर्यास्तापर्यंत, काम करू नका, असं बायबलात लिहिलेलं. थोरला तौसागा म्हणे, कॅलेंडरातला शनिवार तोच सातवा. धाकटा सिआकी म्हणे, मी बोटांवर मोजलेत, सातवा आता रविवारी येतो. एका चर्चची दोन झाली आणि भावांनी एकमेकांच्या घरचं जेवण सोडलं. पृथ्वी गोल आहे, रेषा माणसांनी आखलीय, हे सांगून सांगून फुआतिनोच्या तोंडाला फेस आला. तीही रोज प्रार्थना करायची. तिचा देवावर विश्वास होता, देवाच्या कारकुनांवर नव्हता.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी आई गेली. आधीच बजावून ठेवलेलं, "मला दवाखान्यातल्या थंड पेटीत ठेवायचं नाही. आणि माझ्या दोन्ही पोरांनी मिळून मला खाली उतरवायचं."

शनिवारी दुपारी शवपेटी तयार झाली. दुसऱ्या पंथाच्या शेजाऱ्यांनी घरासमोर, वडिलांच्या कबरीशेजारी, खडकाळ जमिनीत खड्डा खणून दिला. उकाडा असा की आईला आणखी ठेवणं शक्य नव्हतं.

"सूर्य मावळल्याशिवाय मी पेटीच्या दोराला हात लावणार नाही," तौसागा म्हणाला. "तोवर माझा विश्रांतिवार आहे."

"आणि मावळल्यावर मी लावणार नाही," सिआकी म्हणाला. "माझा तेव्हा सुरू होतो. उद्या संध्याकाळपर्यंत."

"म्हणजे तोवर आईनं कुजायचं?"

"देवाची आज्ञा आहे, ताई."

"आज्ञा पाळताय की एकमेकांची जिरवताय?"

फुआतिनोला रडू येत होतं, त्याहून जास्त राग येत होता. ती समुद्राकडे बघत बसली. मग वळून म्हणाली, "तौसागा, सूर्य खरोखर मावळला की तुझा वार संपला ना?"

"संपला."

"सिआकी, तुझा कधी सुरू?"

"डोळ्यांना दिसेनासा झाला की. जुन्या लोकांकडे काय घड्याळं होती?"

"मग ऐका. हवा प्रकाशाला वाकवते. सूर्याची कड पाण्याला टेकलेली दिसते, तेव्हा खरा सूर्य खाली गेलेला असतो. दिसतो तो भास. तो जायला दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात तौसागाचा वार संपलेला असेल आणि सिआकीचा लागलेला नसेल."

"कुठे लिहिलंय?"

"शाळेच्या पुस्तकात."

विज्ञानाला जन्मभर सैतानाची करणी म्हणणाऱ्या तौसागाने डोकं खाजवलं. "दोनच? ओढूनताणून अडीच नाही का होत?"

पाद्रीबुवांना प्रार्थना आधीच उरकायला लावली. भाऊ खड्ड्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. तौसागाचं तोंड समुद्राकडे, सिआकीची पाठ. कड पाण्याला टेकली.

"आता!" फुआतिनो ओरडली.

दोर सरकले. काटकुळी आई हलकीच होती, पण पेटी अर्ध्यावर खडकाला अडकली. तिरकी केली, वर घेतली, पुन्हा सोडली, पुन्हा अडकली. सूर्य गेला. समुद्र काळा पडत चालला.

सिआकीचे हात थांबले. "ताई," तो खड्ड्याकडे बघतच म्हणाला, "आहे ना अजून?"

फुआतिनोने काळ्या पडलेल्या समुद्राकडे पाहिलं. भूगोलाची बाई खोटं कसं बोलणार?

"आहे रे," समोरून तौसागा म्हणाला. तो थेट समुद्राकडेच बघत होता. "चांगला दिसतोय मला. तू सावकाश सोड."

सिआकीने मान वळवली नाही. पेटी तळाला टेकली तेव्हा त्या दोघांना एकमेकांची तोंडंही दिसत नव्हती.