खिरीची पूड

शिवगंगाने फोन आपटला, पण त्याचा काही उपयोग नव्हता. पलीकडे मल्लाप्पाने तो आधीच ठेवला होता. नवऱ्याची ही जुनी खोड. आपलं सांगून झालं की विषय संपला. बायकोला काही म्हणायचं असेल, हा विचार एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाच्या डोक्याला एकदाही शिवला नाही.

सांगितलं काय, तर "निपाणीचं पावणं दुकानात आल्यात. भूमिकाला बघायला. च्या पिऊन निघतोच आम्ही. झटक्यात कायतरी गोड कर. बाहेरचं नको, पोरीनं केलंय म्हणून सांगायचंय."

पोरगी आतल्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होती. सोमवारी तिचा कामाचा पहिला दिवस. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत, ओतलेल्या लोखंडाची तपासणी करायला. डिप्लोमाच्या वर्गात मुली मोजक्याच, त्यात ही वरच्या नंबरात आलेली. पाडव्याला मल्लाप्पाने कपाळाला विभूती लावून देवघरासमोर शब्द दिला होता, "एक वरीस नोकरी कर. तवर लगनाचा विषय ह्या घरात निघायचा न्हाय." तो शब्द आज चहाच्या कपात बुडवून पिऊन टाकला होता त्याने.

"अव्वा, मी साडी नेसणार न्हाय," भूमिका दारात येऊन म्हणाली. फोनमधला बापाचा मोठा आवाज तिला आतपर्यंत ऐकू आला होता.

"ड्रेसवरच बस. पण बस. घरात आलेल्या माणसांसमोर तमाशा नको," शिवगंगा म्हणाली आणि असं म्हटल्याबद्दल तिला स्वतःचाच राग आला.

मग तो राग तिने स्वयंपाकघरात काढला. दूध गॅसवर चढवलं ते दाणकन. वरच्या फळीवरून स्टीलचा डबा काढला. त्यात होती खिरीची पूड.

ही पूड म्हणजे या घरातलं एक खुळं गुपित होतं. काही वर्षांपूर्वी शिवगंगाने पहिल्यांदा कस्टर्ड पावडर आणली, तेव्हा मल्लाप्पाने तो खोका खिडकीतून थेट गटारात भिरकावला होता. "कस्टर्ड म्हंजे अंडं! लिंगायताच्या घरात?" कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं आणि एकदा भरलं की तिथून काही बाहेर निघत नसे. दुसऱ्या खेपेला भूमिकाने खोक्यावरचं सगळं इंग्रजी वाचून दाखवलं. मक्याचं पीठ, रंग, वास. अंड्याचा पत्ता नाही. पण नवऱ्याशी कोण डोकं फोडणार? शिवगंगाने पूड डब्यात ओतली, तिला खिरीची पूड असं नाव दिलं, आणि तेव्हापासून मल्लाप्पा मिटक्या मारत खात होता. हल्ली तर खोक्यावर हिरवा ठिपकाही यायला लागला होता. आताचा रिकामा खोका पिठाच्या डब्यामागे पडलेला होता.

दूध दाट झालं. पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून तिने ते घोटलं. मारी बिस्किटं चुरून काचेच्या भांड्यात त्यांचा थर दाबला. गार झालेल्या कस्टर्डात फ्रिजमधलं श्रीखंड कालवलं, ते त्यावर ओतलं. वर भाजलेल्या शेंगदाण्यांचा भरडा आणि शेवटी गुऱ्हाळावरून आणलेल्या काकवीची धार. असला पदार्थ कुठल्या पुस्तकात नव्हता. हाताला सुचला, तसा केला. बोट लावून चाखलं आणि रागातही तिला वाटलं, जमलंय.

जमलं तर काय! जाणार ते पोरीच्या नावावर. तिच्या स्वतःच्या वेळेला तिच्या अव्वाची करंजी अशीच तिच्या नावावर गेली होती. बघायच्या कार्यक्रमात ताटातलं सगळं पोरीनं केलेलं असतं, हे देणाऱ्याला माहीत, घेणाऱ्यालाही माहीत.

पावणं आलं. नवरा मुलगा श्रीशैल, सतरंजीच्या नक्षीकडे बघत बसलेला, आणि त्याची आई शालूबाई, जी दोघांच्या वाटणीचं बोलत होती. मल्लाप्पाने भूमिकाच्या हातून वाट्या फिरवल्या. शिवगंगा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"अगं बाई, कसलं झ्याक झालंय!" शालूबाईने वाटी चाटूनपुसून पुन्हा पुढे केली. "काय घातलंय ह्यात?"

"खिरीची पूड," मल्लाप्पा अभिमानाने म्हणाला. "आमच्या भूमिकाला असलं लई येतंय."

"येणारच की. घर कुणाचं! शिवगंगाबाईचा हात निर्मळ म्हणून निपाणीपतोर नाव हाय. स्वामीजी श्रावणात तुमच्याकडंच जेवत्यात न्हवं? आमच्यातबी तसंच. केकसुद्धा उंबऱ्याच्या आत येत न्हाय." शालूबाईने दुसरी वाटी संपवली. "मग ठरलं म्हणा. आषाढ लागायच्या आत बार उडवून टाकू. आणि ते लोखंडाच्या कारखान्याचं काय ते बंद करा. आमच्यात सुना नोकरीला जात न्हाईत."

"नोकरीचं काय एवढं?" मल्लाप्पा हसला. "पोरीनं हौसेनं घेतल्याली. उद्याच कळवतो, येत न्हाय म्हणून."

भूमिकाने ट्रे खाली ठेवला. ती बापाकडे बघत नव्हती. आईकडे बघत होती.

शिवगंगाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. देवघरासमोरचा शब्द! हसत हसत मोडला, तोही तिनेच केलेलं गोड खाता खाता. आता ओरडून उपयोग नव्हता. ओरडणाऱ्या बाईला आत नेऊन बसवतात आणि बोलणी पुढं चालू राहतात. बोलणी मोडेल असं एकच तिच्याकडे होतं, आणि ते या बाईनेच आत्ता तिच्या हातात दिलं होतं.

"पोरीनं न्हाय केलं," ती पुढे येत म्हणाली. "मी केलंय."

"अगं, हाताशी घेतलं असशील तिला..." मल्लाप्पा डोळे मोठे करत म्हणाला.

"मी एकटीनं केलंय. आणि ती खिरीची पूड न्हाय. कस्टर्ड हाय." तिने श्वास घेतला. "त्यात अंडं असतंय."

श्रीशैलने पहिल्यांदा मान वर केली. शालूबाईच्या हातातली वाटी सतरंजीवर पडली. पदर तोंडावर धरून ती मोरीकडे धावली, चुळा भरल्या, आणि परत आली ती चपला शोधत.

"स्वामीजींनाबी हेच वाढलंस काय गं?"

हे शिवगंगाच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"न्हाय. त्यांच्या पानात कधीच न्हाय."

"आता तुझ्यावर कुणी इस्वास ठेवायचा?" शालूबाई म्हणाली. "चल रे, श्रीशैल."

मल्लाप्पा हात जोडत जिन्यापर्यंत मागे गेला. परत आला तेव्हा त्याच्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. "आजपतोर मला अंडं चारलंस? सगळ्या समाजात तोंड काळं केलंस माझं! देवघराला हात लावू नगंस. माझं मी बघतो!"

शिवगंगाने सतरंजीवर पडलेली वाटी उचलली. ती आत गेली. मागोमाग भूमिका आली, डोळे पुसत. तिने पिठाच्या डब्यामागून खोका ओढून काढला.

"अव्वा, हिरवा ठिपका हाय की ह्याच्यावर. मी दाखवतो अप्पांना. तू उगंच कशाला ऐकून घेतीस?"

"आण हिकडं." शिवगंगाने खोका हिसकावला. "हे बघितलं की तुझा बाप स्कूटर काढून त्यांच्या मागं सुटंल. खालच्या चौकातच गाठंल त्यांना. मग सोमवारी कुठं जाणार हाईस?"

भूमिकाने हात मागे घेतला.

शिवगंगाने खोक्याचे तुकडे केले आणि एकेक करून गॅसवर जाळले. स्वामीजी आता येणार नव्हते. श्रावणात त्यांच्यासाठी ती स्वतः गहू निवडायची, दळायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. या घरात तिचं म्हणून काही असेल तर ते एवढंच होतं. तिला रडू आलं आणि रडू आलं म्हणून अजूनच संताप आला.

बाहेर मल्लाप्पा कुणाला तरी फोनवर सांगत होता, "तिनंच केलं वो, माझ्या बायकोनं. स्वतः कबूल झाली."

काचेच्या भांड्यात तळाशी थोडं उरलं होतं. शिवगंगा ओट्याला पाठ टेकून खाली बसली, भांडं मांडीवर घेतलं आणि चमच्याने खरवडून खाऊ लागली.

"इस्त्री झाली काय गं कपड्यांना?" तिने विचारलं.

"एक ओढणी राहिलीया."

"मग कर जा."