धक्क्यावरची पुसट मुलगी

योगिनी घरी बसून जुने फोटो दुरुस्त करायची. स्कॉटलंडमधल्या एका किनारी गावानं आपल्या इतिहासाचे फोटो तिच्याकडे पाठवले होते. एकात धक्क्यावर बायका मासळी साफ करत होत्या, कडेला धुरकट डाग होता. तिनं तो पुसला आणि फोटो परत पाठवला.

दुसऱ्या दिवशी गावातल्या नव्वदीच्या इसोबेलबाईंचा व्हिडिओ कॉल आला. "माझी बहीण कुठे गेली?" त्या म्हणाल्या. "फोटो काढताना ती पळाली, म्हणून पुसट आली. त्याच हिवाळ्यात समुद्रानं तिला नेलं. तिचा दुसरा फोटोच नाही गं."

योगिनीनं मूळ फोटो जसाच्या तसा पाठवून दिला. उरलेल्या फोटोंवरचे डाग पुसायला मात्र तिचा हात धजेना. प्रत्येक डागातून कुणीतरी पळतंय, असंच तिला वाटत राहिलं.