हलतं ते मारतं

विदोसावाने पाव टेबलावर आपटला आणि अंगातला कोट न काढताच पातेल्यातला लाकडी डाव उचलला. हिवाळ्यासाठी बरण्यांत भरायचा मिरच्यांचा अय्वर तळाला लागायला आला होता. सकाळपासून भाजलेल्या, सोललेल्या दोन पोती लाल मिरच्या, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला घरात होतं कोण, तर नेबोयशा.

"पाऊण तास झाला मला जाऊन," ती पातेल्यालाच म्हणाली. "एक पातेलं ढवळायला सांगितलं होतं. सत्तेचाळीस वर्षांच्या घोड्याला एक पातेलं ढवळवत नाही. आणि वर चार बायकांत माझी अब्रू घालवलीस, ती वेगळीच!"

नेबोयशा आतल्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. हातात कॅसेट होती. त्याच्या हातात कायम एखादी कॅसेट असायचीच.

"आता काय केलं मी?"

"बेकरीतला स्लाविशा मला काय म्हणाला, विचार. पाव कागदात गुंडाळता गुंडाळता. 'विदाकाकू, रविवारी तुम्ही मला चौदा वेळा मारलंत.'"

नेबोयशाने मान खाली घातली, पण तेवढ्यात त्याचे ओठ हलले ते तिने पाहिलं.

"हसू नकोस! मी म्हटलं, याला लागलंय वेड. तर म्हणतो, नाही हो काकू, नेबोयशाच्या गेममध्ये. डोक्याला रुमाल, हातात डाव, चुलीपासून फडताळापर्यंत नुसत्या येरझाऱ्या. जरा धक्का लागला की माणूस खलास. बाकीच्या खोल्या जमतात म्हणे, काकूंचं स्वयंपाकघर कुणालाच पार होत नाही."

"पोलंडमधल्या एकाला झालं," नेबोयशा हळूच म्हणाला. "तीन आठवडे लागले त्याला."

डाव हवेतच थांबला. त्यावरून अय्वरचा लाल थेंब चुलीवर पडला आणि चरचरला.

"पोलंडपर्यंत पोचवलीस आईला?"

"तो चांगला म्हणत होता, आई. म्हणाला, इतकी जिवंत बाई..."

"गप्प बस."

ती ढवळत राहिली. नेबोयशाचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान बंद पडलं तेव्हा ती काही बोलली नव्हती. बायको सोडून गेली तेव्हाही दोनच वाक्यं बोलली होती, आणि ती सुनेबद्दल. पण हे जे कॉम्प्युटरचं खूळ होतं ना, ते मूळ त्याचं नव्हतंच, त्याच्या बापाचं होतं. चेदोमिरने पंचाऐंशी साली ते काळं, रबरी बटणांचं डबडं इटलीतल्या त्रिएस्तेहून आणलं होतं, गाडीच्या जादा चाकाच्या पोटात लपवून. सरहद्दीवरच्या शिपायाला म्हणाला होता, मागे फक्त बायकोसाठी साबण आहे. साबण आणायचा मात्र विसरला.

तेव्हा शनिवारी रेडिओवर गेम यायचे. यायचे म्हणजे काय, पाच मिनिटं नुसती किरकिर, ऐकणाऱ्याचे दात शिवशिवायचे. ती किरकिर कॅसेटवर उतरवायची आणि मग कॉम्प्युटरला ऐकवायची, की टीव्हीवर माणूस उभा राहायचा आणि उड्या मारू लागायचा. चेदोमिर आणि पोरगा रेडिओसमोर देवळात बसल्यासारखे बसायचे. आणि नेमका तेव्हाच विदोसावा इकडे मिक्सर लावायची. मिक्सर लागला की रेडिओत खरखर, आणि खरखर आली की आठवडाभराची वाट वाया. तिने ते मुद्दाम केलं का, हे दोघांनी तिला कधी विचारलं नाही आणि तिनेही कधी सांगितलं नाही.

त्यातला एक गेम खाणकामगाराचा होता. जमिनीखाली एकामागून एक दालनं. प्रत्येकात काहीबाही वस्तू ठेवलेल्या, हवा संपायच्या आत त्या गोळा करायच्या, मग दार उघडायचं आणि पुढचं दालन. चेदोमिर स्वतः तीस वर्षं कोळशाच्या खाणीत उतरला. पाळी संपवून यायचा, मानेवरचा कोळसा घासायचा आणि हाच गेम लावून बसायचा. "दिवसभर जमिनीखाली," ती म्हणायची, "आणि घरी आला की परत जमिनीखाली. मी वरती राहते, आठवतं का?"

फेब्रुवारीत त्याला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. निश शहरातल्या इस्पितळाच्या डॉक्टरने त्याला घरी न्यायला सांगितलं, दुसरा झटका येईल म्हणाला, केव्हा ते सांगता येत नाही. डावा हात तेवढा उरला. नेबोयशाने त्या हातात जॉयस्टिक दिली.

आणि तो नेबोयशाच्या हातून जेवत होता. विदोसावाने चमचा पुढे केला की तोंड मिटायचा. आठ महिने झाले. बावन्न वर्षं जिच्या हातचं खाल्लं, तिच्याकडे बघायचाही नाही. शेजारणींना ती सांगायची, मुलाला सवय व्हावी म्हणून मीच भरवत नाही.

"इतकं कुणाला पार होत नाही, असं काय करून ठेवलंयस ते बघू दे मला," ती म्हणाली.

नेबोयशाने चमकून वर पाहिलं. आठ महिने ती त्या खोलीत सूप घेऊन जात होती, चादरी बदलत होती, पण टीव्हीकडे पाठ करून. हे ती ठरवून करायची आणि घरात सगळ्यांना ते माहीत होतं.

तिने पातेलं चुलीच्या कडेला सरकवलं. अय्वर मध्येच सोडायची तिची ही पहिली वेळ.

चेदोमिर खिडकीजवळच्या खुर्चीत होता, मांडीवर घोंगडी. ती आत आली तरी त्याने मान वळवली नाही. डावा हात जॉयस्टिकवर होता आणि त्या हाताला कुठलाच आजार झालेला दिसत नव्हता.

"खाण काढून टाकली मी," नेबोयशा सांगू लागला. "आपलं घर घातलं. गेम तोच, आतल्या जागा बदलल्या. हे जुने गेम खेळणारे आमच्यातले सगळे हेच करतात. कुणी आपली शाळा घालतो, कुणी आजोळ. मग एकमेकांना देतो, खेळून बघतो. ही बघ विहीर."

टीव्हीवर अंगठ्याएवढा माणूस होता. त्याच्या डोक्यावर चेदोमिरची टोपी होती, पुढे दुमडलेली. त्याने विहिरीचा काठ ओलांडला, बादली घेतली. मग अक्रोडाचं झाड. मग गोठा, तिथे गाढव लाथा झाडत होतं, त्याने बरोबर दोन लाथांच्या मधून उडी मारली. अंगणात हंस मान लांब करून धावत होता.

"हा माझाच हंस," विदोसावा म्हणाली. "हा स्लाविशाच्या आईला चावला होता."

"म्हणून तर घातला."

माणूस हंसावरून गेला, चुकला नाही. आणि मग स्वयंपाकघर आलं.

चूल होती. कोपऱ्यात लाकडं होती, हवेच्या जागी आता ती संपत जायची. वरच्या फळीवर पाच लाल बरण्या होत्या. आणि चूल ते फडताळ, फडताळ ते चूल, एक एवढीशी पांढऱ्या रुमालाची बाई डाव घेऊन चालत होती. पाच-सहा ठिपक्यांचं तोंड, त्यात ना डोळे ना नाक. पण दर दुसऱ्या पावलाला ती डाव्या कमरेत किंचित झुकत होती.

विदोसावाचा हात नकळत आपल्या डाव्या कमरेवर गेला.

टोपीवाला माणूस दारात थांबला. बाई फडताळापर्यंत गेली. आता त्याला मोकळं होतं, एका उडीत फळी. तो हलला नाही. बाई वळली, परत आली. तेव्हा तो चालू लागला, उडी न मारता, सरळ तिच्याकडे. दोघं एकमेकांना लागली. टीव्ही पांढरा झाला, आणि माणूस पुन्हा दारात उभा.

पुन्हा तो थांबला, पुन्हा तिच्याकडे गेला, पुन्हा टीव्ही पांढरा.

"जमत नाहीये त्याला," ती म्हणाली.

"जमतं, आई. गाढव बघितलंस ना? हंस बघितलास? एकदाही मरत नाहीत बाबा. फक्त इथे. तू वळायची वाट बघतात आणि मग तुझ्याकडे चालत येतात. जूनपासून रोज बघतोय मी."

तिने टीव्हीवरची नजर काढून त्याच्याकडे वळवली. मग आवाज चढवून म्हणाली, "पण मला मारकी का केलंस? हंस मारका, गाढव मारकं, आणि त्यांच्या रांगेत आई?"

"माझा इलाज नव्हता. हा जुना गेम आहे ना, याला दोनच गोष्टी कळतात. जी वस्तू जागची हलत नाही ती घ्यायची. जे हलतं ते मारतं. तिसरं काही घालायला आत जागाच नाही, एक अक्षर मावत नाही." तो कॅसेट या हातातून त्या हातात करत राहिला. "तुला बसलेली काढायची होती आधी. काढलीही. खुर्चीत. पण तू कधी बसली आहेस? बाबांनी ओळखलंच नाही. उचललं आणि गेले पुढे, बादली उचलावी तसे. मग मी तुला चालती केली."

टीव्ही पांढरा झाला.

"जीव किती दिलेस त्याला?"

"संपत नाहीत. बाबांच्या कॅसेटमधून मी तो आकडाच काढून टाकला."

"निशच्या डॉक्टरला शिकव हे."



तिने बाहेर जाऊन पावाचा तुकडा मोडला, त्यावर गरम अय्वर घातला, फुंकर मारली आणि ती खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. "चेदो," ती म्हणाली. "यंदाचा आहे. मीठ बघ."

त्याचं तोंड मिटलेलं राहिलं. ती आणखी वाकली. तेव्हा चेदोमिरने मान हलवली, मोठ्या कष्टाने, आधी डावीकडे, मग आणखी डावीकडे. तिच्या खांद्यापलीकडे बघायचं होतं त्याला. टीव्हीच्या आणि त्याच्यामध्ये ती आली होती.

ती बाजूला झाली.

त्याची मान सरळ झाली. टोपीवाला माणूस दारात होता, बाई वळली होती. अंगठा जॉयस्टिकवर दबला, पण या वेळी उशिरा. बाई चुलीपासून परत फिरली आणि माणूस तिच्या मागे मागे चालत राहिला, तिला न लागता. चेदोमिरच्या घशातून एक आवाज आला.

"आठवडा झाला असं होतंय," नेबोयशा आईच्या कानाशी म्हणाला. "हात मंदावलाय. परवा हंसाला दोनदा लागले. आई, स्वयंपाकघरानंतर नदी आहे. बाबांची मासे धरायची जागा, ते वाकडं विलोचं झाड, सगळं. तुला चालती केल्यावर महिनाभर खपलोय मी तिच्यावर. बाबांनी अजून ती बघितलीच नाही."

"मग?"

"तुला परत बसवतो. आता चार महिने बघतायत, आता ओळखतील. बसलीस की मारणार नाहीस. हात लागला की मिळालीस. बरण्या मिळाल्या, तू मिळालीस, दार उघडलं. संध्याकाळपर्यंत करून देतो."

"आणि नदीनंतर काय आहे?"

"नदीनंतर काही नाही. तिथे संपतं."

खुर्चीतल्या हाताने बाईला गाठलं. टीव्ही पांढरा झाला. चेदोमिरने श्वास सोडला.

पावाचा तुकडा विदोसावाच्या हातात गार झाला होता. तिने तो स्वतःच खाल्ला, उभ्याउभ्याच. मीठ कमी होतं. ती स्वयंपाकघरात गेली, पातेलं परत मधोमध ओढलं, चुलीत एक ओंडका सारला, मिठाची बरणी घ्यायला फडताळाकडे गेली आणि चुलीकडे परत आली. नेबोयशा दारातच होता.

"मग, बसवू?"

तिने डाव पातेल्याच्या काठावर दोनदा आपटून झाडला. वळली नाही.

"निलाजरा आहेस तू. एक पातेलं तुला सांभाळता येत नाही, आणि आईला न विचारता पोलंडला पाठवतोस. तेही असू दे. पण मला बसवलंस तर त्या डबड्यासकट तुला घराबाहेर काढीन, सांगून ठेवते. नदी तू बघ हवी तर. मी फिरतेय तोवर तो घरात आहे."